मदत हवी आहे: ॲक्टिव्हावरून बाइकवर आलोय, दचकलो की डावा हात क्लचच दाबतो

नमस्कार मंडळी,

राहणार धायरी (पुणे), कंपनी खेड शिवापूरला. बारा वर्षं ॲक्टिव्हा चालवली, आता १५० सीसी बाइक घेतलीय, साडेसहाशे किमी झाले, पहिलं सर्व्हिसिंगही झालं. गिअर वगैरे जमतंय, सिग्नलला बंद पडायचं पण कमी झालंय (मागच्यांचे हॉर्न ऐकून माणूस लवकर शिकतो).

पण परवा संध्याकाळी घरी येताना कात्रजचा नवीन बोगदा सोडून नवले पुलाकडे उतरत होतो, पन्नासच्या आसपास असेन, पुढच्या टेम्पोवाल्याने एकदम ब्रेक मारला आणि मी सवयीने डावा लिव्हर (ॲक्टिव्हाचा मागचा ब्रेक तिथेच असतो) गच्च दाबला. तो क्लच! गाडी थांबायच्या ऐवजी मोकळीच सुटली, उतार असल्याने उलट पुढेच ओढायला लागली, उजवा पाय पेडल शोधतोय, कंपनीच्या सेफ्टी बुटात काही कळत नाही, शेवटी पुढचा ब्रेक आठवला तेव्हा टेम्पोच्या फाळक्यात आणि माझ्यात वीतभर अंतर. बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसता उभा होतो.

पुढचा ब्रेक दाबायचीही भीती वाटते कारण लहानपणापासून ऐकलंय की त्याने माणूस हँडलवरून उडतो. त्यात शनिवार-रविवार बायकोची ॲक्टिव्हा चालवतो म्हणजे सवय मोडायची कशी? कोणी यातून गेलंय का? गाडी विकून टाक हा सल्ला घरून आलेला आहे, तो सोडून सांगा.

प्रतिसाद १
यात तुमचा एकट्याचा दोष नाही हो. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक नाहीतर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागतंच, आणि कॉम्बीवाल्या स्कूटरचा डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकपण थोडा लागतो. म्हणजे तुमची ॲक्टिव्हा त्यातली असेल तर डाव्या चार बोटांवर सगळं भागत होतं, उजव्याला कामच नव्हतं.

रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान बघा. वीसच्या स्पीडला दोन्ही ब्रेक लावून थांबा, क्लच अगदी शेवटी, गाडी गचके द्यायला लागली की मग. बंद पडली तर पडू दे. पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा वाढवत न्यायचा आणि हँडल सरळ ठेवायचं. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्ता जास्त धरतं, मागचं हलकं होतं, म्हणून नुसता मागचा मारला की फरफटतं. माणसं पडतात ती बहुतेक वळणात किंवा वाळूवर पुढचा गच्च दाबून.

आणि महिनाभर ॲक्टिव्हाला हात लावू नका.

प्रतिसाद २
त्या उतारावर ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात आणि ब्रेक तापून फेल झाले की काय होतं ते पेपरात वाचतोच आपण. क्लच दाबून उतरलात तर तुमचीही गाडी न्यूट्रलच की! तिसऱ्या-चौथ्यात ठेवा, थ्रॉटल सोडा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. मागे ट्रक असेल तर त्याला पुढे जाऊ द्या, त्याच्या नाकासमोर राहू नका.

एबीएस आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, १५०-१६० च्या बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागच्या डिस्कजवळ भोकाभोकांची रिंग दिसते का बघा. नसेल तर मागचं चाक लॉक होणार. पावसात पांढरे पट्टे आणि ड्रेनेजच्या झाकणावर ब्रेक नकोच. मागचा पेडल बुटाच्या मापाने वर-खाली करून मिळतो, मेकॅनिकला पाच मिनिटांचं काम आहे. आणि हेल्मेट डोक्यावर असू द्या, पुणेकरांसारखं कोपरात नको.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. रिंग बघितली, पुढेच आहे, मागे नाही. पेडल खाली करून घेतला, आता बूट घालूनही पाय न उचलता लागतो. आज सकाळी मैदानात वीस वेळा थांबलो, त्यात तीनदा क्लच आधी दाबला गेला, आणि ते तिन्ही वेळा कुत्रं आडवं आलं म्हणून, म्हणजे दचकल्यावरच. शून्यावर येईपर्यंत हायवे नाही, तोवर कंपनीच्या बसने जातोय.