मटकी खाल्ली की दिवसभर गॅस, पोट बिघडलंय का?

डाएट म्हणून रोज रात्री मोडाची मटकी खातोय आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नुसते पाद, मीटिंगमधून उठावं लागतं राव, पोट दुखत बिखत नाही, डॉक्टरकडे जाऊ का?

> अहो दिवसाला 10-20 वेळा वारा सरणं नॉर्मलच. कडधान्यातली रॅफिनोज साखर लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया ती आंबवतात, त्याचा गॅस. भिजवलेलं पाणी फेका, उसळ थोडी कमी घ्या.

> घाण वास असेल तर तो गंधकाचा, अंडी-कोबी जास्त होतंय का बघा

> माझं दुधामुळे निघालं, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पचत नाही मला. पण वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, जुलाब थांबत नाहीत असं असेल तर ओवा-हिंग करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा