सोसायटीचा फायर अलार्म सारखा उगाच वाजतो, महापालिका दंड लावू शकते का?

सातवा_मजला:
वारज्यात आमची १२ मजल्यांची बिल्डिंग आहे. गेल्या महिन्यात फायर अलार्म पाच वेळा वाजला आणि पाचही वेळा काही नव्हतं. पहिल्यांदा सगळे जिन्याने पळाले, माझी आई ७४ वर्षांची, कठडा धरून सात मजले अनवाणी उतरली. परवा रात्री दोनला वाजला तर कूस बदलून म्हणते, "वाजू दे गं, होईल बंद." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाहीये, कारण खरी आग लागली तरी ती हेच म्हणणार ना. आणि कमिटीवाले म्हणतायत हूटरची (भोंग्याची) वायरच काढून टाकू. परदेशात म्हणे खोट्या अलार्मला दंड असतो, आपल्याकडे होऊ शकतं का तसं? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

पॅनेलवाला_काका:
ताई, काही झालं तरी वायर काढू देऊ नका. १८ वर्षं हेच काम करतोय, कारण न शोधता फक्त सायलेन्सचं बटण दाबतात तिथेच सगळं बिघडतं. वॉचमनला सांगा, पुढच्या वेळी वाजला की रीसेट करायच्या आधी पॅनेलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीवर, कुठल्या झोनचा (बिल्डिंगच्या कुठल्या भागाचा) लाल दिवा लागलाय ते वहीत लिही. एकाच झोनचा लागत असेल तर अर्धं काम झालं. स्मोक डिटेक्टरच्या आत एक छोटी अंधारी डबी असते, त्यात प्रकाश विखुरला की तो धूर समजतो, मग ती धूळ असो, वाफ असो, धूप असो नाहीतर झुरळ. मागे एका बिल्डिंगमध्ये डिटेक्टर काढून तळहातावर आपटला तर झुरळाचं पिल्लू पडलं, दोन महिने लोक त्यासाठी रात्री उठत होते! स्वयंपाकघराजवळ स्मोक लावलाच असेल तर तिथे हीट डिटेक्टर घ्या, फोडणीला तो वाजत नाही. आणि रंगकाम झालं असेल तर डिटेक्टरवरची प्लास्टिकची टोपी काढलीये का तेही बघा, ती राहिली तर खऱ्या धुरालासुद्धा वाजणार नाही.

नियम_वाचतो:
दंडाचं नंतर बघू, आधी हातात असलेला कायदा वापरा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्याच्या कलम ३ प्रमाणे यंत्रणा कायम चालू आणि सुस्थितीत ठेवणं मालक/सोसायटीची जबाबदारी आहे, त्यामुळे वायर काढणं म्हणजे सरळ कायदा मोडणं. शिवाय वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. कमिटीकडे जुलैचा फॉर्म बी लेखी मागा, तोंडी नको.

पेठेतली:
परदेशातले ते दंड जास्त करून चोरीच्या अलार्मचे, कारण तिथे अलार्म वाजला की पोलीस निघतात. परमिट घ्यायचं, वर्षात ठरावीक वेळा माफ आणि पुढे चढता दंड. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने तर २००० मध्ये ठरवलं की आधी कोणीतरी खात्री करा मगच पोलीस येतील, आणि खोटे कॉल खूपच कमी झाले. पण हे आगीला लावत नाहीत, तिथे खात्री करत बसायला वेळच नसतो. आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांचा अलार्म बिल्डिंगमध्येच वाजतो, १०१ ला फोन कोणीतरी करायचा, म्हणून मला वाटतं की दंडाच्या भीतीने लोक यंत्रणाच बंद ठेवतील आणि ते जास्त वाईट.
मला हवाय तो इंग्लंडचा २००५ च्या कायद्यातला नियम. काही भागांत तिथे ज्याच्याकडे चावी आहे त्याचं नाव नंबर कौन्सिलला द्यावं लागतं, आणि चोरीचा अलार्म सलग २० मिनिटांपेक्षा जास्त किंवा थांबून थांबून तासाभरापेक्षा जास्त वाजला तर अधिकारी येऊन बंद करू शकतात. आमच्या खालच्या दुकानाचा सायरन दिवाळीत बॉम्बच्या हादऱ्याने लागला, मालक गावाला, शटरवर नंबर नाही, दोन रात्री शेजारचं तान्हं बाळ रडत होतं. एक फोन नंबर असता तर दहा मिनिटांत मिटलं असतं. एवढा एक नियम महापालिकेने करावा, मी नगरसेवकांना पत्र देणारे.

सातवा_मजला:
सगळ्यांचे खूप आभार. वॉचमन आधीपासूनच वहीत लिहीत होता, बघितलं तर पाचही वेळा पाचवा मजला. तिथे एका फ्लॅटमध्ये टाइल कटिंग चालू होतं, डिटेक्टर उघडला तर आत पांढरी भुकटी थापल्यासारखी. वायर काढायचा विषय कमिटीने सोडला, फॉर्म बी पण मागितलाय. शनिवारी अकराला आधी सांगून टेस्ट आहे, आईला परत खाली उतरवणारे, यावेळी चपला घालून. काका, डिटेक्टर बदलायचा तर कुठल्याही कंपनीचा चालेल का?

पॅनेलवाला_काका:
आधी साफ करून बघा, बहुतेक बदलायची वेळ येणार नाही. बदलायचाच झाला तर पॅनेल अ‍ॅड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं) आहे का विचारा, असेल तर त्या पॅनेलला चालणाराच घ्यावा लागेल. आणि टाइलचं काम संपेपर्यंत रोज सकाळी टोपी लावा, संध्याकाळी मिस्त्री गेले की आठवणीने काढा, दिवसभर तिथे वॉचमनला चक्कर मारायला सांगा.