नाट्यपुरस्कारांचा सोहळा आणि झाडीपट्टीचे नाटक

प्रश्न : वडसेकर
न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारांचा सोहळा नुकताच मोबाइलवर पाहिला. प्रत्येक संगीतिकेच्या वाट्याला एखादे गाणे, म्हणजे जेमतेम काही मिनिटे येतात. आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि मधल्या लावण्यांना ‘वन्स मोअर’ मिळाला तर उजाडतेसुद्धा. असे नाटक आपल्या मराठी वाहिन्यांच्या पुरस्काराच्या चौकटीत कसे बसवावे, आणि कोणते नाटक पात्र हे तिकडे कोण ठरवते?

उत्तर : जुना नाट्यरसिक, ब्रह्मपुरी
भाऊ, तिकडची पात्रता मुळात नाट्यगृहावरून ठरते. हे पुरस्कार 1947 मध्ये सुरू झाले आणि 1967 पासून सोहळा देशभर दूरचित्रवाणीवर दिसू लागला. पण स्पर्धेत फक्त ब्रॉडवेची, म्हणजे किमान 500 आसनांच्या ठरावीक नाट्यगृहांतील नाटकेच येतात. आपल्या मंडपात हजारो माणसे बसली, तरी या नियमाने ते नाटक बाहेरच राहील. मात्र 1976 पासून ब्रॉडवेबाहेरच्या एखाद्या नाट्यसंस्थेला दरवर्षी समीक्षक संघटनेच्या शिफारशीवरून प्रादेशिक रंगभूमीचा खास टोनी दिला जाऊ लागला. तो एका नाटकाला नसून संस्थेच्या सातत्यपूर्ण कामाला असतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडशात कार्यालये थाटून हंगामभर गावोगावच्या तारखा सांभाळणाऱ्या आपल्या मंडळांना शोभेल तो असाच सन्मान, असे मला वाटते.

उत्तर : पेटीवाली ताई
ब्रह्मपुरीच्या गुरुजींचे म्हणणे पटते, तरी एक शंका उरतेच. टोनीचा मतदार ज्या विभागात मत देतो, त्यातील नामांकित नाटके त्याने प्रत्यक्ष पाहिलेली असावी लागतात. मुंबई-पुण्याचे परीक्षक कुरखेड्याच्या थंडीत, शेकोटीपासून दूर, पहाटे चारपर्यंत बसणार आहेत का? चित्रफीत पाठवून भागणार नाही, कारण ऑर्गनवाला कलाकाराची चाल पाहून सूर कसा लांबवतो, हे चित्रफितीत हरवते. शिवाय तिकडेही नेपथ्य, प्रकाशयोजना यांसारखे कित्येक पुरस्कार मुख्य प्रक्षेपणाआधीच उरकले जातात. आपल्याकडे तसे झाले, तर पडदे रंगवणारा आणि पात्र अडखळताच शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर कॅमेऱ्यासमोर कधी येणारच नाहीत.

उत्तर : वडसेकर
ताई, परीक्षकांची अडचण मान्य आहे. झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाची दखल घेतली गेली. वाहिन्यांनीही एका रात्रीच्या प्रयोगापेक्षा मंडळाचा संपूर्ण हंगाम विचारात घ्यावा, हे मला आता पटले आहे. परीक्षकांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चारही जिल्ह्यांतील जाणकार असावेत आणि त्यांनी भाऊबीजेनंतर गावोगाव फिरून नाटके पाहावीत, असे वाहिन्यांना द्यायचे पत्र मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडतो. पडदे रंगवणारे आणि प्रॉम्प्टर यांचा विभागही त्यात लिहितो. पत्राचा मसुदा मात्र गुरुजींनी एकदा नजरेखालून घालावा.