युद्धकाळातील नौदल स्वयंसेवकांच्या स्मरणार्थ मृत्युपत्रातून देणगी कशी द्यावी?

निवृत्त_शिक्षिका (रत्नागिरी)
माझे वडील दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या स्वयंसेवी राखीव दलात अधिकारी होते. त्यांच्या कोटाच्या बाहीवरची सोनेरी पट्टी सरळ नाही, नागमोडी आहे. ती या दलाची खूण होती आणि आईने तो कोट अखेरपर्यंत डांबराच्या गोळ्या घालून जपला. मला मूलबाळ नाही. बचतीचा काही भाग मृत्युपत्राद्वारे या स्वयंसेवकांच्या स्मरणार्थ द्यावा, अशी माझी इच्छा आहे. मात्र त्यांच्यापैकी आता क्वचितच कुणी हयात असेल, त्यामुळे पैसे कुणाला आणि कोणत्या शब्दांत द्यावेत, हे कळत नाही. भावाच्या मते स्मृतिस्तंभ उभारावा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकील_पुणे
ताई, आधी कायद्याचे. स्वकष्टार्जित बचत तुम्ही हवी त्या व्यक्तीला किंवा संस्थेला देऊ शकता. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र फक्त तुमचा हिस्साच देता येतो. मृत्युपत्रावर तुमच्या सहीबरोबर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ‘नौदल स्वयंसेवकांच्या स्मरणार्थ’ एवढेच लिहून थांबू नका, कारण अंमलबजावणी करणाऱ्याला त्यातून लाभार्थी सापडत नाही आणि भांडणे नेमकी तिथेच सुरू होतात. संस्थेचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पैसे कशासाठी वापरायचे ते लिहा. ती संस्था बंद पडली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, तर रक्कम त्याच हेतूच्या कोणत्या संस्थेला द्यावी, हेही लिहा.

माजी_नौसैनिक
स्तंभाबद्दल माझे मत वेगळे आहे. महायुद्धात समुद्रावर बुडालेल्या भारतीय नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावे स्मरणग्रंथात नोंदलेली आहेत आणि त्याची एक प्रत मुंबईच्या खलाशीगृहात आहे. तिथे नाव मिळाले ते गेलेल्यांना. युद्ध संपवून तुमच्या वडिलांसारखे जे घरी परतले, त्यांची नावे अशा कोणत्याही ग्रंथात नाहीत, आणि त्यांची कागदपत्रे घरोघरीच्या ट्रंकांत वाळवीच्या तोंडी जात आहेत.

रॉयल इंडियन नेव्हीच्या बंगाल या छोट्या युद्धनौकेने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ओन्डिना या डच टँकरच्या साथीने दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतले होकोकू मारू बुडाले. बंगालचे नेतृत्व राखीव दलाचे लेफ्टनंट कमांडर विल्सन यांच्याकडे होते. ही लढाई अनेकांना ठाऊक आहे, पण बंगालच्या डेकवर उभ्या असलेल्या भारतीय खलाशांची नावे किती जण सांगू शकतील? म्हणून मला वाटते की दगडापेक्षा सेवापुस्तिका, छायाचित्रे आणि आठवणी गोळा करून जपण्यासाठी निधी द्यावा आणि उरलेल्या रकमेतून नौसैनिकांच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यावी. शिष्यवृत्तीसाठी इंडियन नेव्हल बेनेव्होलंट असोसिएशन किंवा तुमच्या जिल्ह्यातले सैनिक कल्याण कार्यालय यांच्याशी बोलता येईल.

आणखी एक. दुसऱ्या महायुद्धात भारतीयांवर सैन्यात सक्तीची भरती नव्हती, त्यामुळे फक्त युद्धापुरते नौदलात गेलेले आपल्या किनाऱ्यावरचे हिंदू-मुसलमान खलाशीसुद्धा स्वखुशीनेच गेले होते. मृत्युपत्रात केवळ अधिकाऱ्यांच्या दलाचे नाव लिहिले, तर ते सगळे बाहेर राहतील.

निवृत्त_शिक्षिका (रत्नागिरी)
वकीलसाहेब, आपले आभार. माजी नौसैनिकांनी मांडलेला खलाशांचा मुद्दा मला अगदी पटला. वडीलही त्यांच्याबद्दल नेहमी आदराने बोलत. भावाशी बोलून मी ‘दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत आणि तिच्या राखीव दलांत स्वेच्छेने सेवा केलेले सर्व दर्जांचे स्त्री-पुरुष’ असे शब्द ठरवत आहे, म्हणजे महिला शाखेतल्या मुलीही त्यात येतील.

वकील_पुणे
शब्द उत्तम आहेत. नोंदीच्या जतनासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी रकमेचे प्रमाण टक्क्यांत लिहा, कारण आजच्या आकड्यांतली रक्कम पुढे कमी-जास्त होईल. कोट आणि कागदपत्रे कुठे सोपवायची, हे वेगळ्या कलमात स्पष्ट लिहा, आणि ज्या संस्थेला ती द्याल तिची लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवा.