मुलांचे फ्लोराइड आणि पालकांचे प्रश्न

दंतवैद्य, सांगली (मूळ टिपण): मुलांना फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दात किडू नयेत म्हणून दातांवर द्यायचा फ्लोराइडचा लेप, लावायचे म्हटले की पालक ‘फ्लोराइड विष आहे’ अशा मोबाईलवरच्या चित्रफिती दाखवून हुज्जत घालतात. मी आता समजावणे सोडून दिले आहे. ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी दुसरीकडे जावे.

एक आई, सातारा: हे वाचून राहवले नाही. माझ्या चार वर्षांच्या मुलीने व्हार्निश गिळले तर काय होईल, एवढेच मी इथल्या एका दवाखान्यात विचारले, तेव्हा ती खुर्चीत तोंड उघडून बसलेली असताना मला उत्तर मिळाले, ‘‘ताई, डॉक्टर तुम्ही की मी?’’ ज्या पालकाला असे गप्प केले जाते, तो घरी जाऊन मोबाईलच उघडणार. शंका विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

दंतवैद्य, सांगली: ते उत्तर अयोग्यच होते. परंतु रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलाचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत किडलेले पाहिल्यावर आमचाही धीर सुटतो. व्हार्निशमध्ये 22,600 पीपीएम (दहा लाख भागांत 22,600 भाग) फ्लोराइड असते हे खरे; पण ते लागते थेंबभर आणि लाळ लागताच दातावर घट्ट बसते. पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे.

एक पालक, जत: हेच चार शब्द दवाखान्यात सांगायला काय हरकत होती? आणि पाण्याचे काय? आमच्याकडे उन्हाळाभर बोअर आणि टँकर. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅम फ्लोराइड चालते. माझ्या पुतण्याच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले, तेव्हा डॉक्टरांनी ‘‘नीट घासत नाही’’ म्हणून मोकळे केले आणि पोराने त्यासाठी घरी मार खाल्ला. पुढे बोअरचे पाणी तपासले, तर फ्लोराइड मर्यादेच्या वर निघाले. घरी कोणते पाणी पिता, हे एकाही दंतवैद्याने विचारले नव्हते.

शिक्षिका, मिरज: दादा, तुमचे दुःख मान्य आहे, पण आम्ही कृष्णेचे पाणी पितो; जतच्या बोअरची भीती इथे कशाला पसरवता? माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी ‘फ्लोराइड विष आहे’ म्हणून पेस्ट बंद झाली आणि आता आजी स्वतःच्या मिसरीने त्याचे दात घासते. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात तंबाखू!

एक पालक, जत: बाई, मी भीती पसरवत नाही, मोजमाप मागतो. आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हिरडीखाली घडत असतात आणि त्या काळात पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडचे डाग घासून जात नाहीत. फ्लोराइडचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध जोडणारा अमेरिकेतला 2024 चा जो सरकारी अहवाल सगळे मोबाईलवर एकमेकांना पाठवतात, तोही पाण्यातल्या लिटरला 1.5 मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडबद्दल आहे. म्हणजे पेस्टला घाबरणारेही चुकतात आणि पाण्याविषयी न विचारणारे डॉक्टरही.

दंतवैद्य, सांगली: प्रत्येक मुलामागे एवढा वेळ देणे मला आजही शक्य वाटत नाही. तरी पाण्याचा प्रश्न केसपेपरवर छापून घेईन. तो आधीच असायला हवा होता, हे नाइलाजाने मान्य करतो.

एक आई, सातारा: मग त्याच कागदावर गिळण्याविषयीच्या दोन ओळीही छापा. मुलीला व्हार्निश लावून घेणार आहे, मात्र त्या दवाखान्यात नाही.