मदत हवी आहे: अर्धे वर्ष भारतात, अर्धे जर्मनीत, आयटीआर-1 भरू की आयटीआर-2?

पाणकावळा:
नमस्कार. आर्थिक वर्ष 2024-25 चे आयकर विवरणपत्र भरायचे आहे. वर्षाच्या मध्येच नोकरीनिमित्त जर्मनीला आलो, त्यामुळे निम्मा पगार भारतातला आणि निम्मा इथला आहे. जुन्या कंपनीचा फॉर्म 16, म्हणजे पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला, हाती आहे आणि टीडीएस बरोबर कापलेला दिसतो. मी अनिवासी असल्याने इथला पगार दाखवावा लागत नाही, हे मला ठाऊक आहे. प्रश्न एवढाच, की फॉर्म कोणता? येत्या शनिवार-रविवारी हे काम उरकायचे आहे, तेव्हा कृपया नेमके सांगावे. 'सीएला विचारा' हे उत्तर मला स्वतःलाही सुचले होते.

जमाखर्च:
फॉर्मचे उत्तर एका ओळीचे आहे. अनिवासी व्यक्तीला आयटीआर-1 चालत नाही आणि रहिवासी असून परदेशात बँक खाते असेल तरीही चालत नाही. म्हणजे धंद्याचे उत्पन्न नसेल तर दोन्ही वाटा आयटीआर-2 कडेच जातात. पण आपण अनिवासी आहात हे कशावरून ठरवले? भारत कोणत्या तारखेला सोडला?

पाणकावळा:
सप्टेंबरअखेर. बँकेने मला एनआरआय धरून बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे रुपयातले खाते, करून दिले आहे. आणखी काय पुरावा हवा?

जमाखर्च:
बँक पाहते तो परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा. नोकरीसाठी देश सोडला की त्या कायद्याने माणूस लगेच अनिवासी होतो. आयकर कायदा मात्र दिवस मोजतो. एरवी वर्षात 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात राहिलेला माणूसही रहिवासी ठरतो, पण नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती 60 ऐवजी 182 दिवसांची सवलत आहे. 1 एप्रिलपासून सलग भारतात असाल, तर 28 सप्टेंबरला 181 दिवस भरतात आणि 29 ला 182. त्यामुळे 'सप्टेंबरअखेर' या शब्दावर काहीही ठरवता येणार नाही.

पाणकावळा:
विमान 29 च्या पहाटेचे होते, पण इमिग्रेशन 28 च्या रात्रीच झाले आणि पासपोर्टवरचा शिक्का 28 चा आहे. म्हणजे मी अनिवासीच ना?

शून्यप्रहर:
शिक्का कितीचाही असो, विमान सुटेपर्यंत आपण भारताच्या भूमीवरच होता. मी असतो तर 29 तारीख धरली असती आणि मुकाट्याने रहिवासी म्हणून विवरणपत्र भरले असते.

मोजपट्टी:
याच्याशी मी सहमत नाही. विभागाकडे नोंद असते ती शिक्क्याची, आणि मुळात येण्याचा व जाण्याचा दिवस मोजायचा की नाही यावर निर्णय दोन्ही बाजूंनी झालेले आहेत. माझ्या वेळी मी जाण्याचा दिवस धरला नव्हता आणि मला कोणीही काही विचारले नाही.

शून्यप्रहर:
कोणी विचारले नाही म्हणजे बरोबर होते, असे होत नाही.

राईनकाठ:
आपण जर्मनीचे विचारलेले नाही, तरी सांगतो. तिथले करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. जानेवारी ते सप्टेंबर 2024 या काळातल्या आपल्या भारतीय पगारावर जर्मनी कर घेत नाही, मात्र तो पगार हिशेबात धरून उरलेल्या तीन महिन्यांच्या पगारावरचा दर ठरवते. याला 'प्रोग्रेशन्सफोरबेहाल्ट' म्हणतात. असे उत्पन्न 410 युरोंपेक्षा जास्त असेल तर विवरणपत्र भरणे सक्तीचे होते. 'एल्स्टर' या संकेतस्थळावर ते भरता येते आणि परदेशातून मध्येच आलेल्यांसाठी 'आनलागे डब्ल्यूए-ईएसटी' नावाचे वेगळे पान जोडावे लागते.

जमाखर्च:
माहिती उपयोगी आहे, पण प्रश्न भारतातल्या फॉर्मचा आहे.

राईनकाठ:
2024-25 साठी भारतातली मुदत वाढून सप्टेंबर 2025 च्या मध्यापर्यंत गेली आहे. सल्लागाराशिवाय भरणाऱ्यासाठी जर्मनीतली 2024 ची मुदत 31 जुलै 2025 लाच संपते. आधी कोणते काम हाती घ्यावे, हे त्यांना कळलेले बरे.

मोजपट्टी:
एक विचारायचे राहून गेले. 28 सप्टेंबरनंतर 31 मार्चपर्यंत आपण भारतात पुन्हा आला होता का?

पाणकावळा:
डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला दोन आठवडे आलो होतो. ती रजा होती. तिचा कराशी काय संबंध?

जमाखर्च:
मग शिक्का 28 चा की 29 चा, हा वाद इथेच संपला. वर्षभरातले सगळे दिवस एकत्र मोजतात, कारण कोणतेही असो. दोन आठवडे मिळवले की 182 ची रेघ सहज ओलांडली जाते आणि 2024-25 पुरते आपण रहिवासी ठरता. आधीची सगळी वर्षे भारतात गेलेली असतील, तर 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही' ही मधली पायरीही मिळत नाही. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च हा जर्मनीतला पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल.

पाणकावळा:
त्याच पगारावर इथे भरपूर कर कापला गेला आहे. तोच पुन्हा भारतातही भरायचा?

शून्यप्रहर:
दोनदा भरायचा नाही. फॉर्म 67 भरून जर्मनीत कापलेल्या कराचे श्रेय घ्या, म्हणजे तो भारतातल्या करातून वजा करून घ्या. पगाराच्या चिठ्ठीतली 'लोनश्टॉयर' (पगारावरचा कर) ही ओळ तेवढी धरा. तिथल्या पेन्शनची आणि आरोग्यविम्याची कपात कितीही मोठी दिसली तरी तो कर नव्हे, त्यामुळे तिचे श्रेय मिळत नाही. युरोंचे रुपये करताना ज्या महिन्याचा पगार असेल, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यायचा असतो. जानेवारी ते मार्च 2025 चा कर जर्मनीच्या पुढच्या वर्षात मोडतो, त्याचा आकारणी आदेश आत्ता मिळणार नाही. तिथे पगाराच्या चिठ्ठ्या पुरावा म्हणून जोडा.

मोजपट्टी:
श्रेयाच्या खटाटोपात पडण्याआधी करार पाहा. एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये यासाठीचा भारत-जर्मनी करार 1995 चा आहे. दोन्ही देश आपल्याला रहिवासी म्हणत असतील तर त्यात आधी कायमचे घर, मग जिव्हाळ्याचे संबंध, मग नेहमीचा मुक्काम असा क्रम लावला जातो. भारतातले घर आपण मोकळे ठेवले आहे का? आणि कुटुंब कुठे आहे?

पाणकावळा:
घर नोव्हेंबरपासून भाड्याने दिले आहे, पत्नी जानेवारीत इकडे आली.

मोजपट्टी:
मग करारापुरते आपण जर्मनीचे रहिवासी आहात असे म्हणायला चांगला आधार आहे. तिथल्या कर कार्यालयाकडून रहिवासाचा दाखला घ्या आणि तो पगार 'करारानुसार करपात्र नाही' अशा रकान्यात दाखवा.

शून्यप्रहर:
आधार आहे, पण नोटीस आली तर उत्तर देत बसावे लागेल. श्रेयाची वाट लांबची असली तरी निर्धोक आहे.

जमाखर्च:
वाट कोणतीही धरा, तीन गोष्टी त्याबरोबर येतात. नोव्हेंबरपासूनचे भाडे विवरणपत्रात दाखवावे लागेल. ते आपण पहिल्यांदा लिहिले नव्हते. एनआरओ खात्यावरच्या व्याजावर बँकेने 30 टक्के आणि वर उपकर कापला असेल, त्याची नोंद फॉर्म 26एएस मध्ये पाहून श्रेय मागा. आणि जर्मनीतले बँक खाते 'शेड्यूल एफए'मध्ये, म्हणजे विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, भरा. तिथे आर्थिक वर्ष नव्हे, तर 31 डिसेंबर 2024 ला संपलेले कॅलेंडर वर्ष धरतात.

पाणकावळा:
ठीक आहे, आयटीआर-2 आणि फॉर्म 67. कराराच्या भानगडीत मी पडत नाही. आता शेवटचा प्रश्न: ई-पडताळणीचा ओटीपी आधारशी जोडलेल्या जुन्या क्रमांकावर जातो आणि ते सिम कधीच बंद झाले आहे.

मोजपट्टी:
नेट बँकिंगमधून आयकराच्या पोर्टलवर शिरता आले तर तिथूनच पडताळणी होते. तेही जमले नाही तर आयटीआर-V, म्हणजे विवरणपत्राची पोच व पडताळणीचा कागद, छापून, सही करून, विवरणपत्र दाखल केल्यापासून 30 दिवसांत बंगळुरूच्या केंद्राला पोहोचेल अशा बेताने पाठवा. जर्मनीतून टपालाला लागणारा वेळ त्यातच धरा.