पूर्वमध्ययुगात जलमार्ग खुष्कीच्या मार्गापेक्षा सोयीचा का ठरत असे?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर):
इथल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी रोमन कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात पाहताना ती समुद्रमार्गे आली असणार हे लगेच जाणवते. त्यानंतरच्या, म्हणजे सहाव्या ते अकराव्या शतकांच्या काळात रस्ते असूनही व्यापाऱ्यांची भिस्त जहाजांवरच का होती? आणि तसे असेल, तर आपला माल पंचगंगेतून कृष्णेत आणि तिथून पूर्व किनाऱ्याला का जात नसे?

घाटवाट:
मूळ कारण चाऱ्याचे आहे. पाठीवर गोणी घेतलेला बैल साधारण एक-सव्वा क्विंटल ओझे वाहतो, त्याला रोज चारापाणी आणि विसावा लागतो, आणि वाट लांबली की मालाच्या किमतीतला मोठा भाग वाटेतच खर्ची पडतो. वाऱ्याला मात्र वैरण घालावी लागत नाही. इ.स. ३०१ मधील रोमन सम्राट डायोक्लेशनच्या दरपत्रकावरून अभ्यासकांनी मांडलेल्या हिशोबात खुष्कीची वाहतूक समुद्री वाहतुकीच्या २५ पटींहून महाग पडते. हे दर थोडे आधीचे असले तरी बैल आणि वारा पुढेही तेच राहिले. शिवाय नाजूक मालाचा विचार करावा. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या, नवव्या शतकातील, खिळ्यांऐवजी दोरीने शिवलेल्या जहाजात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. हाच माल बैलांच्या पाठीवरून डोंगर ओलांडून नेला असता तर खापऱ्याच उरल्या असत्या.

जुनीनाणी:
फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७९३ मध्ये ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांची खोरी जोडण्यासाठी कालवा खणायला घेतला होता, यावरूनच पाण्याची वाट किती मोलाची होती ते दिसते. पाऊस आणि दलदल यांमुळे ते काम फसल्याचे तत्कालीन वृत्तांत सांगतात. पण जलमार्गाचे कौतुक जपून करावे, कारण पावसाळ्यात कोकणातील बंदरे बंद असत आणि एरवी चाचेगिरीचे भय होते.

घाटवाट:
बंदरांचे म्हणणे मान्य. मात्र त्या महिन्यांत घाटवाटाही चिखलात रुतत, त्यामुळे तो दोष एकट्या समुद्राच्या माथी मारता येणार नाही. मूळ प्रश्नातील कृष्णेविषयी सांगायचे, तर आपल्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात, पात्रात खडक व खळाळते उतार आहेत, म्हणून त्यांवर नाव चाले ती मुख्यतः पलतीरी जाण्यापुरती.

खाडीकिनारा:
म्हणूनच घाटाखालची खाडी महत्त्वाची ठरली. खारेपाटण समुद्रापासून सुमारे २५ मैल आत, विजयदुर्गच्या खाडीवर आहे. गलबत तिथवर आले की बैलांच्या वाट्याला घाटाची चढण आणि वरचा प्रवास तेवढा उरे. दक्षिण कोकणच्या शिलाहार राजघराण्यातील रट्टराजाच्या इ.स. १००८ च्या खारेपाटण ताम्रपटात परदेशांतून येणाऱ्या जहाजांवर सोन्याच्या नाण्यात कर बसवून ते उत्पन्न धर्मकार्याला दिल्याचा उल्लेख आहे.